सज्जीखार, जवखार आणि काचेतील विजेच्या वाटा

व्हेनिसच्या खारकच्छातून, म्हणजे वाळूच्या बांधांनी समुद्रापासून वेगळ्या झालेल्या उथळ खाऱ्या पाण्यातून, निघावे, आल्प्स ओलांडून ऱ्हाइनच्या खोऱ्यातील फ्रायबुर्ग आणि कार्ल्सरूह ही दोन विद्यापीठनगरे पाहावीत आणि तेथून ईशान्येकडे वळून थुरिंगियाच्या डोंगरांत लाउशा व येना येथे मुक्काम करावा, असा हा मार्ग आहे. युरोपातील काचेचा कित्येक शतकांचा इतिहास या मार्गावर पसरलेला आहे, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. परंतु काचेतून वीज जाते की नाही, जात असेल तर ती कोणाच्या आधाराने जाते, आणि काचेत मिसळलेल्या परक्या द्रव्यामुळे तिचे विजेशी असलेले नाते कसे पालटते, या प्रश्नांचा उलगडाही याच गावांतून टप्प्याटप्प्याने होत गेला, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

अशा परक्या द्रव्याला शास्त्रीय लेखनात अपद्रव्य म्हणतात आणि कारागीर त्याला सरळ मळ म्हणतो. मात्र काचेच्या बाबतीत मळ कशाला म्हणावे हे पाहणाऱ्यावर ठरते, कारण डोळ्याला खुपणारा मळ विजेच्या गावीही नसतो आणि विजेला जो सर्वांत आधी जाणवतो तो डोळ्याला कधीच दिसत नाही. या प्रवासातील प्रत्येक मुक्कामी काचेची पारख करणारा वेगळा आहे, आणि म्हणून प्रत्येक मुक्कामी शुद्ध आणि अशुद्ध यांची व्याख्याही वेगळी होते.

मुरानो: डोळ्याची पारख

व्हेनिसच्या उत्तरेकडील फोंदामेन्ते नोव्हे या धक्क्यावरून निघालेली होडी सान मिकेले या दफनभूमीच्या बेटाला लागून पुढे जाते आणि थोड्याच वेळात मुरानोच्या धक्क्याला टेकते. शहरातील लाकडी घरांना आगीचे भय नको म्हणून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवण्याचा हुकूम काढला आणि तेव्हापासून मुरानो हे काचेचे गाव झाले. येथील भट्टीत आजही कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर मधासारखा दाट, नारिंगी रस गुंडाळून घेतो, नळी सतत फिरवत राहतो आणि रस खाली ओघळण्याच्या आत त्याला आकार देतो. हा रस मुख्यतः वाळूचा, म्हणजे सिलिकाचा असतो, परंतु नुसती शुद्ध सिलिका वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि लाकडाच्या भट्टीला ते कधीच साधले नसते. म्हणून तीत खार घालतात, आणि खार घातल्याने वितळण्याचे व घडणीचे तापमान कित्येक शे अंशांनी खाली येते.

मुरानोत वापरला जाणारा खार भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून येत असे. तेथे खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपे जाळून त्यांची राख केली जाई आणि तीत सोडियमचे कार्बोनेट भरपूर असे. भारतीय वैद्यकात याच कुळातल्या, झाडांच्या राखेपासून मिळणाऱ्या क्षाराला सज्जीखार म्हणतात आणि जवाच्या राखेपासून मिळणाऱ्या पोटॅशियमच्या क्षाराला जवखार. या दोघांची जोडी वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि या प्रवासाच्या शेवटी काचेतील विजेचे एक मोठे कोडे याच जोडीपाशी येऊन थांबते.

पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याच्या नावाशी जोडली गेलेली ‘क्रिस्ताल्लो’ ही नितळ काच मुरानोत तयार झाली. राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून तिच्यातला खार शुद्ध करायचा आणि वाळूऐवजी नदीच्या पात्रातले पांढरे गारगोटे दळून घ्यायचे, ही तिची रीत होती. सारी धडपड लोहाविरुद्ध होती, कारण वाळूतील लोह हजारात एका भागाइतके असले तरी जाड काचेवर हिरवट झाक येते. उरलेल्या हिरवटपणावर मँगनीजचा अत्यल्प अंश टाकून तो मारला जाई, आणि म्हणून मँगनीजला काचेचा साबण हे नाव पडले. डोळ्याच्या दृष्टीने क्रिस्ताल्लो ही शुद्धतेची परिसीमा होती. परंतु राख धुताना तीतील चुना व मॅग्नेशियाही निघून जात, त्यामुळे ही काच ओलाव्याला कमी टिकाऊ ठरली, म्हणजे जे मळ समजून काढले तेच तिला धरून ठेवणारे होते.

विजेने या काचेची पारख केली असती तर तिने हिरवट झाकेकडे ढुंकूनही पाहिले नसते. साध्या खिडकीच्या काचेत लोहाचे अणू इतके विरळ विखुरलेले असतात की एकाकडून दुसऱ्याकडे विद्युत्भार सरकण्याची सोय नसते, त्यामुळे रंग बिघडवणारे लोह काचेच्या विद्युत्वाहकतेत जवळपास भर घालत नाही. उलट ज्या सोडियमच्या खाराला मुरानोचा कारागीर काचेचा घटकच मानतो, तो विजेच्या दृष्टीने सर्वांत बोलका परका असतो. हे आकड्यांत पाहायचे तर रोधकता हे माप घ्यावे लागते. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाच्या समोरासमोरच्या पृष्ठांमध्ये विजेला जितका विरोध होतो तितकी त्या पदार्थाची रोधकता. २५० अंश सेल्सिअसला साध्या सोडा-चुन्याच्या काचेची रोधकता साधारण २५ लाख ओहम-सेंटीमीटर असते आणि त्याच तापमानाला शुद्ध सिलिकेच्या काचेची ६०,००० कोटींच्या घरात जाते. वितळलेल्या स्थितीत तर साधी काच इतकी वाहक बनते की आधुनिक कारखान्यांत रसातच मॉलिब्डेनमचे दांडे बुडवून, त्यांतून वीज सोडून काच वितळत ठेवता येते. घरातल्या काचेला आपण विद्युत्-निरोधक म्हणतो ते केवळ ती थंड असते म्हणून.

फ्रायबुर्ग: पाटाचे पाणी

इटलीच्या सपाटीवरून गॉटहार्डच्या बोगद्यातून आल्प्स पार करून रेल्वे बाझेलला येते आणि तेथून उत्तरेकडे थोड्याच अंतरावर, काळ्या अरण्याच्या पायथ्याशी, फ्रायबुर्ग लागते. या गावाची ओळख म्हणजे त्याच्या रस्त्यांतून वाहणारे पाट. द्रायझाम नदीचे पाणी वळवून घेतलेले, हातभरही रुंद नसलेले हे दगडी पाट जुन्या पेठेतील गल्लीगल्लीतून खळखळत जातात. त्यांचे उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात आणि उन्हाळ्यात मुले त्यांत लाकडी होड्या सोडतात. फरसबंदी घट्ट आणि अचल, आणि तिच्यामधून ठरलेल्या अरुंद वाटांनी पुढे सरकणारे पाणी, हे दृश्य ज्याने नीट पाहिले त्याला काचेतली वीज समजायला वेळ लागत नाही.

एमिल वारबुर्ग हे भौतिकशास्त्रज्ञ १८७६ ते १८९५ या काळात येथील विद्यापीठात प्राध्यापक होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग हे त्यांचे पुत्र, आणि त्यांचा जन्मही याच गावातला. १८८४ मध्ये एमिल वारबुर्ग यांनी घन काचेच्या विद्युत्-विच्छेदनावर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने पदार्थाचे घटक वेगळे होण्याच्या क्रियेवर, आपले काम प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगाची मांडणी साधी होती. काचेच्या नळीच्या आत आणि बाहेर पारा घ्यायचा, ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवायची आणि काचेच्या भिंतीतून आरपार विजेचा प्रवाह सोडायचा. धन बाजूस नुसता पारा असला की प्रवाह पाहता पाहता क्षीण होई, कारण भिंतीच्या त्या अंगातील सोडियम निघून पलीकडे जाई, त्याची जागा घ्यायला कोणी नसे आणि मागे सोडियमविरहित सिलिकेचा पातळ पण अत्यंत रोधक थर उरे. मग धन बाजूच्या पाऱ्यात सोडियम विरघळवला, म्हणजे सोडियमचा पारदमेल घेतला, की प्रवाह टिकून राही, काच नितळच राही आणि पलीकडच्या पाऱ्यात सोडियम जमा होत जाई. किती सोडियम जमा होतो हे फॅरेडेच्या नियमाप्रमाणे ठरलेले होते: ९६,४८५ कूलोम विद्युत्भारामागे २३ ग्रॅम.

या मोजमापातून निघालेला निष्कर्ष दूरगामी होता. तांब्याच्या तारेत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे आणि तारेचे अणू आपल्या जागी राहतात. काचेत मात्र वीज वाहते ती सोडियमच्या आयनांमुळे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावून धनभारित झालेल्या अणूंमुळे, आणि ते आयन स्वतःच भिंतीच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात. येथेच सिलिकॉनसारख्या अर्धसंवाहकाशी काचेचे साम्य संपते. सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा अंश मिसळला तर तो फॉस्फरस जागचा हलत नाही, केवळ एक मोकळा इलेक्ट्रॉन देऊन बाजूला राहतो. काचेतील अपद्रव्य दान देऊन थांबत नाही, ते स्वतः वाटसरू होते.

हे घडते कसे, याचे चित्र पुढे १९३२ मध्ये नॉर्वेजियन शास्त्रज्ञ झाकारियासेन यांनी मांडले. सिलिकेत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन असतात आणि हे चार टोकांचे सुळके, म्हणजे चतुष्फलके, कोपऱ्यांना कोपरे जोडून एक विस्कळीत जाळे विणतात. सोडियमचा खार आला की काही जोड तुटतात, तुटलेल्या ऑक्सिजनांवर ऋणभार राहतो आणि त्यांच्या आसऱ्याने सोडियमचे आयन जाळ्याच्या पोकळ्यांत बसतात. जाळे ही फरसबंदी आणि सोडियम हे पाटाचे पाणी. हे आयन सर्वत्र सारखे विखुरलेले नसून त्यांच्या ओळी व वाटा बनतात, असे प्रतिपादन ग्रीव्ह्ज यांनी १९८५ मध्ये केले, तेव्हा फ्रायबुर्गच्या पाटांची उपमा नुसती उपमा राहिली नाही. तापमान वाढले की एका पोकळीतून दुसरीत उडी घेण्याइतकी ऊर्जा अधिक आयनांना मिळते, म्हणून काचेची रोधकता तापताच झपाट्याने उतरते.

वारबुर्ग यांचे सहकारी टेगेटमायर यांनी सोडियमच्या जागी दुसरे धातू घालून पाहिले. लिथियमचा लहान आयन काचेत शिरू शकला, परंतु जाळे मोठ्या पाहुण्यासाठी विणलेले असल्याने काच धुरकट झाली. पोटॅशियमचा मोठा आयन मात्र आत जाईना. या वाटांना माप असते, हा पहिला इशारा होता. पुढे १९२५ मध्ये बर्ट यांनी याच तत्त्वाने एक देखणा प्रयोग केला. विजेचा पेटता दिवा वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये बुडवून बाहेरच्या क्षाराला धन दाब दिला की तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन पोकळीतून काचेपर्यंत येतात, बाहेरच्या क्षारातून सोडियमचे आयन काचेतून आत येतात, आणि बंद दिव्याच्या आतल्या अंगावर शुद्ध सोडियमचा आरशासारखा लखलखीत थर धरतो. काचेला चीर नाही, भोक नाही, तरी धातू आत आलेला असतो.

कार्ल्सरूह: आम्लाची पारख

फ्रायबुर्गहून ऱ्हाइनच्या काठाकाठाने उत्तरेस जाणारी रेल्वे तासाभरात कार्ल्सरूहला पोहोचवते. १७१५ मध्ये वसवलेल्या या शहराच्या मध्यभागी राजवाडा आहे आणि त्याच्यापासून ३२ रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे बाहेर पसरतात. येथील तांत्रिक विद्यापीठात हाइनरिश हेर्ट्झ यांनी विद्युत्चुंबकीय लहरींचे प्रयोग केले आणि येथेच फ्रिट्झ हाबर यांनी झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांच्यासह १९०९ मध्ये काचेचे विद्युत्-अग्र सिद्ध केले. त्याआधी १९०६ मध्ये म्युनिकचे माक्स क्रेमर यांना असे आढळले होते की पातळ काचेच्या फुग्याच्या आत व बाहेर वेगवेगळ्या आम्लतेचे द्राव असले तर काचेच्या दोन अंगांमध्ये विद्युत्-दाबाचा फरक निर्माण होतो. हाबर व क्लेमेन्सिएविच यांनी त्याचे मोजमापाचे साधन केले, आणि आज शेतमातीच्या तपासणीपासून दुग्धशाळेपर्यंत ज्या पीएच मापकाचा वापर होतो त्याच्या टोकाशी असलेली काचेची गोळी ही त्या साधनाचीच वारस आहे.

या गोळीत अपद्रव्याचे काम दुहेरी असते. काचेचा पृष्ठभाग पाण्यात भिजला की त्याच्या अतिशय पातळ थरातील सोडियम निघून जातो आणि त्याच्या जागी पाण्यातील हायड्रोजनचे आयन येतात. द्राव जितका आम्ल, तितका हा व्यवहार बदलतो, आणि पीएचच्या प्रत्येक अंकामागे २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. परंतु हायड्रोजन भिंतीच्या आरपार जात नाही. आतल्या कोरड्या भागातून विद्युत्भार पुढे नेण्याचे काम सोडियम किंवा लिथियमचे आयनच करतात, म्हणजे ओल्या उंबरठ्यावर एकजण निरोप घेतो आणि घरातून तो पोहोचवणारा दुसराच असतो. काच शुद्ध सिलिकेची असती तर निरोप पोहोचलाच नसता. १९३० मध्ये मॅकइनिस आणि डोल यांनी या कामासाठी जी काच ठरवली तीत ७२ टक्के सिलिका, २२ टक्के सोडियम ऑक्साइड आणि ६ टक्के चुना होता. इतका खार असूनही गोळीचा विरोध कोट्यवधी ओहम असतो, म्हणून भिंत कागदासारखी पातळ ठेवावी लागते.

१९३४ मध्ये लेंजेल व ब्लुम यांनी या काचेत ॲल्युमिना मिसळले, तेव्हा ती हायड्रोजनऐवजी सोडियमला ओळखू लागली. ॲल्युमिनियमचा अणू सिलिकॉनच्या जागी जाळ्यात बसतो, पण त्याला एक धनभार कमी पडतो. तो भरून काढण्यासाठी सोडियमचा आयन त्याच्या शेजारी थांबतो, आणि ही जागा तुटलेल्या ऑक्सिजनाइतकी हायड्रोजनला घट्ट धरत नाही. थोड्याशा परक्या द्रव्याने काचेची आवडनिवड बदलते, हे त्यातून प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

लाउशा आणि येना: दोन खारांचे भांडण

कार्ल्सरूहहून ईशान्येस थुरिंगियाच्या अरण्यात शिरले की दरीच्या दोन्ही उतारांवर काळ्या पाटीच्या दगडांनी मढवलेली घरे असलेले लाउशा लागते. १५९७ मध्ये हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी येथे भट्टी उभारली, आणि त्यांच्या वंशजांनी व शेजाऱ्यांनी पुढे दिव्याच्या ज्योतीवर काच वळवण्याची कला घरोघर नेली. येथे आजही एखाद्या घरात कारागीर काचेची नळी ज्योतीत धरून मऊ करतो, फुंकर मारून तिचा गोळा करतो, पुन्हा ज्योतीत धरतो, आणि कितीही वेळा तापवली तरी काच खडबडीत वा धुरकट होत नाही. या गुणाचे रहस्य ओटो शॉट यांनी शोधले. मार्टिनरोडा येथील ज्या वाळूवर थुरिंगियाचे काचकाम चालत असे, तीत तीन ते चार टक्के ॲल्युमिना होते आणि ते काचेला स्फटिक होण्यापासून रोखत होते. शुद्ध वाळू आणली असती तर लाउशाची कला मोडली असती.

या काचेत एक दोषही होता. अरण्यातल्या काचवाल्यांचा जुना खार म्हणजे लाकडाच्या राखेतला पोटॅश, म्हणजे जवखाराचाच भाऊ. एकोणिसाव्या शतकात स्वस्त सोडा मिळू लागल्यावर दोन्ही खार एकाच काचेत पडू लागले. त्याच काळात थुरिंगियाच्या काचेचे तापमापक बिघडू लागल्याची तक्रार वाढली. तापमापक उकळत्या पाण्यात घालून पुन्हा बर्फात ठेवला की पारा शून्यावर येण्याऐवजी त्याच्या खाली उतरे आणि कित्येक दिवसांनी हळूहळू वर येई. बर्लिनच्या रुडॉल्फ वेबर यांनी १८८३ च्या सुमारास दाखवले की केवळ सोडा किंवा केवळ पोटॅश असलेल्या काचेत हा दोष अगदी अल्प असतो आणि दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात असले की तो अर्ध्या अंशाच्याही पुढे जातो.

लाउशाहून उत्तरेस साले नदीच्या काठी चुनखडीच्या डोंगरांनी वेढलेले येना आहे. १८८४ मध्ये, म्हणजे वारबुर्ग यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ओटो शॉट यांनी एर्न्स्ट ॲबे आणि कार्ल व रोडेरिश झाइस यांच्यासह येथे काचेची प्रयोगशाळा उभारली. शॉट यांनी एकेक ऑक्साइड घेऊन त्याचा काचेवर काय परिणाम होतो हे पद्धतशीर तपासले, आणि वेबर यांचा धागा धरून तापमापकासाठी ‘१६ तृतीय’ या क्रमांकाची प्रसिद्ध काच तयार केली. तीत पोटॅश मुळीच नव्हता, फक्त सोडा होता, आणि त्याच्या जोडीला जस्त, चुना, बोरॉन व ॲल्युमिना. तापमापकाच्या पारखीत दोन खारांची भेसळ हा मोठा मळ ठरला होता आणि येनाने तो धुऊन काढला.

विजेच्या पारखीत मात्र हीच भेसळ उलट अर्थाने समोर आली. १९२५ मध्ये गेलहॉफ आणि टोमास यांनी जर्मनीत काचेच्या घटकांचा विद्युत्वाहकतेवर होणारा परिणाम क्रमवार मोजला, आणि पुढच्या अनेक संशोधकांनी तो तपासला. काचेत खाराचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून सोडियमचा थोडाथोडा वाटा पोटॅशियमला देत गेले, तर वाहकता दोन टोकांच्या मधल्या कोठल्या तरी सरासरीवर येईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ती कोसळते, आणि दोन्ही खार जवळपास समसमान झाले की नेहमीच्या तापमानाला रोधकता हजारपटीपासून लाखपटीपर्यंत चढते. याला मिश्र-क्षार परिणाम म्हणतात. लिथियम व पोटॅशियमसारखी जोडी घेतली, जिच्यात आयनांच्या आकारांत मोठी तफावत असते, तर परिणाम अधिक तीव्र होतो, आणि तापमान वाढत गेले की तो मंदावतो.

या कोड्याचे उत्तर टेगेटमायर यांना न शिरणाऱ्या पोटॅशियममध्येच दडलेले होते. प्रत्येक आयन आपल्याभोवतीचे जाळे आपल्या मापाने बसते करून घेतो आणि आपण सोडलेली पोकळी आपल्याच मापाची ठेवून जातो. १९९०च्या दशकात बुंडे, मास आणि इन्ग्रॅम यांनी याच विचारावर आपले प्रतिमान उभारले. कच्च्या रस्त्यावर एका आखाच्या गाड्यांची चाकोरी पडली की त्याच मापाची गाडी तीत सहज चालते, पण दुसऱ्या रुंदीची गाडी आली की तिचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर जाते, आणि तिच्या मागची सारी वाहतूक खोळंबते. काचेत दोन मापांच्या गाड्या सारख्या संख्येने आल्या की सोडियमची चाकोरी पोटॅशियमने तुटते, पोटॅशियमची सोडियमने, आणि दोघांपैकी कोणालाच लांबवर जाणारी सलग वाट मिळत नाही. कॅल्शियम, बेरियम आणि शिसे यांचे दोन भारांचे जड आयन तर जवळजवळ हलतच नाहीत, आणि सोडियमच्या वाटेत बसून तीही अडवतात.

विजेच्या दिव्याने या ज्ञानाचा उपयोग फार लवकर केला. दिव्याचा बाहेरचा फुगा साध्या सोडा-चुन्याच्या काचेचा असला तरी आतील ज्या दांडीतून दोन तारा वर जातात ती शिशाच्या काचेची करत. दांडीचा तो भाग तापतो आणि दोन तारांमध्ये पूर्ण विद्युत्-दाब असतो. तेथे साधी काच असती तर सोडियम ऋण तारेकडे सरकत राहिला असता आणि काच तडकून दिवा निकामी झाला असता. या कामाच्या एका प्रचलित काचेत २९ टक्के शिशाचे ऑक्साइड, ९ टक्के पोटॅशियमचे आणि ४ टक्के सोडियमचे असते. तिच्यात शिशाचा अडसर आहे आणि दोन खारांचे भांडणही आहे, आणि २५० अंशांना तिची रोधकता १,००० कोटी ओहम-सेंटीमीटरच्या वर, म्हणजे साध्या काचेच्या काही हजारपट असते.

परतीच्या वाटेवर

येनानंतरच्या पिढ्यांनी शुद्धतेचा पाठलाग दुसऱ्या टोकापर्यंत नेला. १९५९ मध्ये ओवेन आणि डग्लस यांनी नुसत्या सिलिकेच्या काचेची वाहकता मोजली आणि तीही दहा लाख भागांत एखाद्या भागाइतक्या उरलेल्या सोडियमवर अवलंबून असते असे दाखवले. जिला आपण शुद्ध म्हणतो तिचीही वीज परक्याच्याच खांद्यावर चालते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह यांनी सिद्ध केले की ट्रान्झिस्टरमधील सिलिकेच्या अतिपातळ थरात असलेला सोडियम विद्युत्-दाबाखाली सरकत राहतो आणि त्यामुळे ट्रान्झिस्टर अस्थिर होतो. घामात मीठ असते आणि मिठात सोडियम, म्हणून त्या उद्योगात उघड्या बोटाचा स्पर्शही वर्ज्य ठरला.

मुरानोत विजेने दुर्लक्षिलेल्या लोहालाही शेवटी त्याचा मान मिळाला. लोह किंवा व्हॅनेडियम शतांशाच्या अंशाने न घालता दहा-वीस टक्के वा त्याहून अधिक घातले तर त्यांचे अणू एकमेकांच्या शेजारी येतात. काहींवर एक भार कमी, काहींवर एक जास्त असतो आणि इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उडी मारू लागतो. १९५४ मध्ये इंग्लंडच्या डेंटन, रॉसन आणि स्टॅनवर्थ यांनी व्हॅनेडियमच्या अशा अर्धसंवाहक काचांचे वर्णन केले आणि १९६८ मध्ये केंब्रिजचे नेव्हिल मॉट यांनी या उड्यांचा सिद्धांत मांडला. येथे वीज वाहते, पण काचेतून कोणी बाहेर जात नाही.

या प्रवासाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो तो विजेच्या मनोऱ्यांवरून. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जाणारी ५०० किलोव्होल्ट धन व ५०० किलोव्होल्ट ऋण दाबाची वाहिनी १९९९ पासून एकदिश प्रवाहावर चालते. घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणून तिच्या दाबाखाली काचेतील सोडियम जागच्या जागी हेलकावतो. एकदिश दाब मात्र त्याला वर्षानुवर्षे एकाच दिशेने लोटत राहतो, आणि वारबुर्ग यांच्या नळीत काही तासांत घडले ते तारा पेलणाऱ्या काचेच्या चकतीत सावकाश घडू लागते. म्हणून अशा वाहिन्यांवर जेथे काचेच्या चकत्या वापरतात, तेथे त्या काचेत सोड्याबरोबर पोटॅशही मुद्दाम घालतात, म्हणजे एकाची चाकोरी दुसऱ्याने तुटावी.

वेबर यांनी ज्या भेसळीला तापमापकाचा रोग म्हटले आणि शॉट यांनी जी येनाच्या काचेतून हद्दपार केली, तीच भेसळ आज उन्हात उभ्या असलेल्या मनोऱ्यावर लाखो व्होल्ट रोखून धरण्याच्या कामी येते. सज्जीखार तोच आणि जवखारही तोच. बदलले आहे ते काचेला विचारलेले काम.